कोणता पडला?

मे महिन्यातली रात्र. बेडरूमचा एसी लावला, तो दोन-तीन मिनिटं घुमला आणि 'खट्' असा आवाज होऊन अख्खं घर काळोखात गेलं. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या इमारतीत दिवे होते. म्हणजे लाइट गेली ती फक्त आमची. मोबाइलच्या उजेडात दारामागचा डबा उघडला, पडलेला खटका वर केला, घर उजळलं. एसी लावला. पुन्हा खट्.

एसीवाला दोनदा येऊन गेला. पहिल्या खेपेला त्याने फिल्टर धुतला, दुसऱ्या खेपेला कॅपॅसिटर बदलला. खटका पडायचा तो पडतच राहिला, आणि तोही रोज नाही. एखाद्या रात्री एसी सकाळपर्यंत बिनतक्रार चाले, एखाद्या रात्री दहा मिनिटंही टिकत नसे. नवा एसी घ्यावा की काय, इथवर घरात चर्चा पोचली. शेवटी सोसायटीची कामं करणाऱ्या जुन्या वायरमनकाकांना बोलावलं. दारात चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, "ताई, कोणता पडतो?"

"कोणता म्हणजे? मेन पडतो."

काकांनी डब्याचं दार उघडलं आणि हसले. "हा मेन नाही. हा आरसीसीबी. लोड जास्त झाला म्हणून हा कधीच पडत नाही. एसीच्या मागे उगीच लागलात."

दिवसातून दहा वेळा ज्याच्यावरून ये-जा करते, त्या डब्यात काय काय आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल तर हा लेख वाचून झाल्यावर उठून एकदा पाहा. वायरमन त्याला 'डीबी' म्हणतात. मीटरकडून आलेली लाइन आधी मेन स्विचमध्ये येते. तिथून ती एका रुंद, दोन खटक्यांएवढी जागा अडवणाऱ्या उपकरणात जाते, ज्याच्या अंगावर 'टी' अक्षराचं एक चिमुकलं बटण असतं. हा आरसीसीबी. त्यापुढे ओळीने अरुंद एमसीबी: एक दिव्या-पंख्यांचा, एक स्वयंपाकघरातल्या प्लगांचा, एक गिझरचा, एक एसीचा. कुठला कशाचा हे पट्टीवर लिहिलेलं असायला हवं. आमच्या पट्टीवर बिल्डरच्या माणसाने पेन्सिलीने लिहिलेलं कधीच पुसून गेलं होतं.

या दोघांची कामं अगदी वेगळी. एमसीबी पाहतो, वीज किती गेली. आरसीसीबी पाहतो, गेलेली सगळी परत आली का. घरातली लाइट गेली की आपण दोघांना एकच समजतो आणि चुकीच्या माणसाला फोन करतो.

आधी एमसीबी. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. कुठल्याही उपकरणावरच्या वॅटला २३० ने भागलं की ते किती अँपिअर खातं ते कळतं. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी ८.७ अँपिअर, दीड हजारची पाण्याची किटली साडेसहा, बाराशे वॅट ओढणारा मायक्रोवेव्ह ५.२, साडेसातशेचा मिक्सर ३.३. पंखा यांच्यापुढे किरकोळ, जुना पंचाहत्तर वॅटचा असला तरी अँपिअरचा तिसरा हिस्सा. आता सकाळच्या डब्याच्या घाईत ही चारही यंत्रं एकाच वेळी चालवा, बेरीज होते २३.७. स्वयंपाकघराचा एमसीबी असतो बहुधा १६ किंवा २० चा.

१६ चा आहे म्हणून सतराव्या अँपिअरला तो पडेल असं मात्र नाही. इथेच लोकांचा गोंधळ उडतो. 'परवा तर हेच सगळं चाललं होतं, आज का पडला?' एमसीबीच्या मानकात याचं उत्तर आहे. आकड्याच्या १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअर वाहत असतील तर त्याने तासभर पडता कामा नये. १.४५ पट, म्हणजे २३.२ झाले तर तासाच्या आत पडलंच पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो पडेलही, नाहीही पडणार. अडीच पटीच्या थोडं वर गेलं की मिनिटभराच्या आत निकाल. आमच्या २३.७ ला तो पडणार हे नक्की, पण पोहे होऊन किटलीचं पाणी उकळेपर्यंत वाट बघेल की मिक्सर फिरताच पडेल, हे आधीपासून आत किती ऊब साठली आहे त्यावर.

ऊब हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. काकांच्या पिशवीत एक निकामी एमसीबी होता, तो मागून घेतला आणि रिव्हेट उडवून उघडला. आत काड्यापेटीएवढ्या जागेत जे बसवलंय ते पाहून थक्क व्हायला होतं. एका बाजूला दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली चपटी पट्टी. तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, आणि पट्टी वाकते. जास्त वीज बराच वेळ वाहिली की ती हळूहळू वाकत जाते आणि शेवटी एक नाजूक आकडी सोडवते. शेजारी जाड तांब्याच्या तारेचे थोडे वेढे, आत एक छोटा दट्ट्या. शॉर्ट सर्किट झालं की त्या वेढ्यांत एवढं चुंबकत्व येतं की दट्ट्या उसळून तीच आकडी फटक्यात उडवतो. पट्टीचं काम सबुरीचं, वेढ्यांचं तिथल्या तिथे. खाली एकावर एक रचलेल्या पातळ लोखंडी पत्र्यांची चवड होती, काळी पडलेली. खटका तुटताना दोन टोकांमध्ये जी ठिणगी ताणली जाते ती या पत्र्यांत ढकलली जाते, तिचे तुकडे होतात आणि ती विझते. फेजची उघडी वायर न्यूट्रलला टेकली की घरातही शेकडो अँपिअर वाहतात. वायरींचा एकूण अडथळा अर्धा ओहम धरला तरी ४६० होतात. एमसीबीच्या तोंडावर चौकटीत '१००००' असा आकडा दिसेल. तेवढ्या अँपिअरचं शॉर्ट तो फुटून न जाता तोडू शकतो, असा त्याचा अर्थ.

आणखी एक बारकावा त्या उघड्या डबीत दिसला. बाहेरचा खटका आणि आतली आकडी घट्ट जोडलेली नाहीत. दोष कायम असताना तुम्ही खटका अंगठ्याने वर दाबून धरलात तरी आतलं टोक सुटतंच. खटका दाबून धरणारे महाभाग आहेत हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं.

असा पट्टी आणि वेढे एकत्र असलेला छोटा ब्रेकर जर्मनीतल्या मानहाइममध्ये ह्यूगो श्टोत्सच्या कारखान्यात तयार झाला, १९२४ मध्ये. फ्यूजच्या जागी तोच फिरवून बसवायचा, अशी ती रचना होती. आपल्या घरांत तो पोचायला बराच काळ गेला. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्यांना पांढऱ्या चिनीमातीचा किटकॅट फ्यूज आठवत असेल. फ्यूज उडाला की वडील मेणबत्ती धरायला लावायचे आणि स्क्रूभोवती नवी तार गुंडाळायचे. कार्डावर गुंडाळलेली पाच अँपिअरची तार संपलेली असली, की कुठल्यातरी जुन्या वायरीतले दोन-तीन तांब्याचे तंतू पिळून घालायचे. 'आता बघू कसा उडतो' असं म्हणत. तो उडत नसे, हे खरंच. त्याऐवजी भिंतीतली वायर तापत असे.

किटकॅट गेला, पण ती बुद्धी गेलेली नाही. आज तिचं रूप असं: सोळाचा एमसीबी सारखा पडतो, मग बत्तीसचा टाका. दुकानात तो ताबडतोब मिळतो, दिसायला सारखाच असतो, पाच मिनिटांत बसतो, आणि पडणं खरोखर थांबतं. या एका सल्ल्याबद्दल मला फार राग आहे. एमसीबी तुमच्या इंडक्शनला वाचवायला बसवलेला नसतो, मिक्सरलाही नाही. तो भिंतीतल्या वायरीसाठी असतो. घरात दिव्यांना दीडची वायर घालतात, प्लगांना अडीचची, गिझर-एसीला चारची. आकडा तांब्याच्या जाडीचा, चौरस मिलिमीटरमध्ये. वायर तापते ती विजेच्या वर्गाच्या प्रमाणात. वीज दुप्पट केली तर उष्णता चौपट. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टण साधारण सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत टिकण्यासाठी केलेलं असतं. सोळाऐवजी बत्तीस बसवला की अडीचच्या वायरीतून तीस अँपिअर तासन्‌तास वाहू शकतात आणि एमसीबी डोळा मिटून बसतो, कारण त्याच्या हिशेबाने सगळं ठीक आहे. वायर पाइपात, पाइप प्लास्टरमध्ये, प्लास्टरवर रंग. वेष्टण ठिसूळ होत जातं ते दिसत नाही. जळका वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मोठा एमसीबी हवा असेल तर आधी वायर मोठी हवी. याला अपवाद नाही.

लोड जास्त होत असेल तर सरळ उपाय दोनच: यंत्रं पाळीपाळीने चालवा, किंवा डीबीपासून स्वयंपाकघरात आणखी एक लाइन ओढून घ्या. जुन्या घरांत एका प्लगवर फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळत असतात. त्या घरांना दुसरी लाइन हीच खरी गरज. मीटरजवळचा मेनच पडत असेल तर वीजबिलावरचा 'मंजूर भार' पाहा. दोन एसी नंतर आलेले असतात आणि भार लग्नाच्या वेळचा असतो.

एमसीबी कधी पडला, यावरून निम्मं निदान होतं. खटका वर करताच फट्‌कन पडतो, कदाचित ठिणगीसुद्धा दिसते: शॉर्ट. दहा-वीस मिनिटांनी पडतो: लोड. मोटर सुरू होण्याच्या क्षणाला पडतो, एरवी नाही: सुरुवातीचा झटका. जुन्या पद्धतीच्या एसीचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. म्हणून एमसीबीवर आकड्याआधी एक अक्षर असतं. बी असेल तर तीन ते पाच पटीला तो झटक्यात पडतो, सी असेल तर पाच ते दहा पटीला. मोटरीला बी लावला तर तो विनाकारण पडत राहणार, तिथे सी हवा. इथे अक्षर बदललं तर चालतं, वायर मोठी नसताना आकडा बदललेला चालत नाही.

आणि कधी कधी दोष कशाचाच नसतो, दोष स्क्रूचा असतो. एमसीबीच्या खालच्या टोकाला वायर आवळलेली असते. ती सैल झाली की तिथेच ऊब तयार होते, आतली पट्टी तापते आणि बारा अँपिअरलाही सोळाचा पडतो. बोट लावल्यावर बाकीच्यांपेक्षा एखादा गरम लागला तर हाच संशय घ्यावा आणि स्क्रू वायरमनकडूनच आवळून घ्यावा. एमसीबीचा आकडा तीस अंश तापमानाला ठरवलेला असतो, हेही लक्षात ठेवा. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस आणि पश्चिमेच्या भिंतीवर बंद पत्र्याचा डबा, अशा वेळी पट्टी आधीच अर्धी वाकलेली असते. दुपारी पडतो आणि रात्री तेवढ्याच लोडवर चालतो, हे तिकडचं कोडं एवढंच असतं.

आता आरसीसीबी. मला तो जास्त आवडतो, कारण तो वायरीसाठी नाही, माणसासाठी आहे. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून परत यायला हवी. आरसीसीबीच्या पोटात एक लोखंडी कडं असतं आणि दोन्ही वायरी त्यातून जातात. जाणारी आणि येणारी सारखी असेल तर त्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं, कडं शांत. कुणी गिझरच्या नळाला हात लावला आणि थोडी वीज शरीरातून जमिनीत गेली, की परत येणारी तेवढी कमी पडते. कड्यात उरलेला तेवढाच फरक खटका पाडतो. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं. त्याच्या निम्म्यापर्यंत त्याने गप्प बसायचं असतं, तिसाला तीन दशांश सेकंदात पडायचं असतं.

तीस मिलिअँपिअर म्हणजे किती? नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण चाळीस घेतो. म्हणजे एका बारक्या दिव्याची वीज छातीतून गेली तर माणूस जाऊ शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या चार्ल्स डॅलझील या प्राध्यापकाने स्वयंसेवकांना तारा धरायला लावून, किती विजेला माणसाला मूठ सोडता येत नाही याची मोजणी केली. पुरुषांची सरासरी सोळा मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची साडेदहा. त्याच्या वर गेलं की स्नायू आवळले जातात आणि हात वायरीला चिकटल्यासारखा होतो. आपल्याकडे 'शॉकने पकडून ठेवलं' म्हणतात ते हेच. याच डॅलझीलने पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतलं गळतीरक्षक उपकरण तयार केलं, ते पाच मिलिअँपिअरवर बेतलेलं. सोळा अँपिअरचा एमसीबी हे काहीच पाहू शकत नाही. तुमच्या अंगातून जाणारी वीज त्याच्या दृष्टीने एक दिवा.

गळती व्हायला माणूसच लागतो असं नाही, पाणीही पुरतं. म्हणून आरसीसीबीचा हंगाम पावसाळा. गच्चीवरच्या दिव्यात पाणी, बाल्कनीतल्या प्लगात ओल, स्लॅबमधल्या पाइपात झिरपलेली ओल, बोर्डात शिरलेली पाल. गणपतीत मखराच्या माळांना गॅलरीतून ओढलेली लाइन, मधला जोड नुसत्या चिकटपट्टीचा, आणि नेमका आरतीच्या वेळी पाऊस. चौकट टांगायला ठोकलेला खिळा वायरीला चाटून गेलेला असतो तेही पहिल्या पावसात कळतं, कारण कोरडी भिंत तोवर सांभाळून घेते. शिवाय कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, एलईडीचे ड्रायव्हर यांच्यातून थोडी थोडी गळती नेहमीच होत असते. एकेकाची नगण्य, पण दहा-बारा मिळून आरसीसीबीला काठावर आणून ठेवतात आणि मग थोडीशी ओल निमित्त होते. इन्व्हर्टर बसवल्या दिवसापासून आरसीसीबी पडायला लागला असेल तर कारण बहुतेक वेळा ओल नसतं. बसवणाऱ्याने फेज एका बाजूचा घेतलेला असतो आणि न्यूट्रल दुसरीकडचा. गेलेली वीज भलत्याच वाटेने परतते आणि कड्याचा हिशेब जुळत नाही.

तर आमच्या एसीकडे वळते. काकांनी सगळे एमसीबी खाली केले, आरसीसीबी वर केला आणि एकेक एमसीबी वर करत गेले. ही नेहमीची पद्धत, कुणालाही करता येण्याजोगी: ज्याला वर करताच आरसीसीबी पडतो, त्या लाइनवर दोष. पण आमच्याकडे फक्त एसीचा वर, बाकी सगळे खाली, तरी पाच मिनिटांनी खट्. मी विजयी मुद्रेने म्हटलं, "बघा, एसीच." काका काही बोलले नाहीत. घरभर फिरून एकेक प्लग सॉकेटमधून उपसत गेले. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन. शेवटी बाथरूममध्ये स्टुलावर चढून गिझरचा जाड प्लग ओढून काढला. एसी लावला. तासभर चहा आणि गप्पा झाल्या. खटका जागचा हलला नाही.

"पण गिझर तर मार्चपासून बंद आहे! त्याचा स्विच बंद, एमसीबी पण खाली."

"स्विच फेजचा असतो ताई. न्यूट्रल कुठे तुटतो?"

हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. भिंतीवरचा साधा स्विच फक्त फेज तोडतो. सिंगल-पोल एमसीबीही फक्त फेजच. न्यूट्रलच्या सगळ्या वायरी डीबीमध्ये एका पितळी पट्टीवर कायम एकत्र असतात. गिझरच्या कॉइलचं धातूचं कवच बोअरच्या जड पाण्याने, क्षारांनी चिरलं होतं आणि पाणी आत शिरून न्यूट्रलच्या टोकाजवळ अर्थिंगशी गाठ पडली होती. बंद गिझर, पण न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक गुप्त वाट. न्यूट्रलवर एरवी जवळजवळ शून्य व्होल्ट असतात. एसीसारखं जड काही लागलं की इमारतीतून येणाऱ्या न्यूट्रलच्या वायरीत दोन-तीन व्होल्ट उभे राहतात. शंभर ओहमच्या गळतीला तीन व्होल्ट मिळाले की तीस मिलिअँपिअर होतात. परत येणाऱ्या विजेतली तेवढी गिझरमार्गे जमिनीत जाई आणि आरसीसीबी आपलं काम करी. इतर घरांचा लोड किती आहे त्यावर न्यूट्रलचे व्होल्ट कमी-जास्त होत, म्हणून तो कधी पडे, कधी नाही. काकांनी मेगर, म्हणजे गळती तपासायचं मीटर, लावून दाखवला: कॉइल आणि अर्थ यांच्यात जिथे कित्येक मेगओहम हवेत, तिथे काटा शून्याला टेकला. नवी कॉइल आली, प्रकरण मिटलं. एसीचा नवा कॅपॅसिटर बिचारा फुकट.

म्हणून खटका पडला की पहिला प्रश्न काकांचाच: कोणता पडला? एमसीबी असेल तर त्या लाइनवरची यंत्रं बंद करा, दोन मिनिटं थांबा, कारण तापलेली पट्टी सरळ झाल्याशिवाय तो बसतच नाही. मग खटका आधी पूर्ण खाली ओढून वर करा, अर्ध्यावरून नाही. एकदा बसला तर ठीक. यंत्रं एकेक लावत जा. काहीही न लावता पडला तर पुन्हा वर करू नका, वायरीत दोष आहे. आरसीसीबी असेल तर एमसीबींची ती परीक्षा करा, आणि तिने उत्तर दिलं नाही तर स्विच बंद करण्यावर न थांबता प्लग उपसा, गिझरपासून सुरुवात करा. हात कोरडे, पायात चप्पल. डीबीचं दार उघडणं तुमचं काम, त्याच्या आतलं झाकण उघडणं वायरमनचं, आणि मीटरच्या सीलपलीकडचं वीज कंपनीचं. त्यासाठी १९१२ हा नंबर आहे. जळका वास, गरम झाकण किंवा चरचर ऐकू आली तर परीक्षा-बिरीक्षा सोडा, मेन पाडा.

हे दोन्ही रखवालदार मिळूनही सगळं पाहू शकत नाहीत. सैल प्लग सॉकेटमध्ये ठिणग्या उडवत काळा पडत असेल तर वीज नेहमीएवढीच जाते आणि सगळी परत येते. दोघेही स्वस्थ. खांबावरचा न्यूट्रल तुटून घरात चारशे व्होल्टच्या आसपास आले तरी एमसीबी आधी काही बोलत नाही, टीव्ही-फ्रिज जळल्यावर बोलतो. स्टुलावर उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीच्या लेखी तुम्ही एक दिवा आहात, कारण गेलेली वीज पुरती परत येते. बऱ्याच जुन्या घरांत तर आरसीसीबीच नाही. नुसती एमसीबींची रांग आहे आणि घरच्यांना वाटतं की शॉकपासून आपण सुरक्षित आहोत. तुमच्या डब्यात 'टी'चं बटण दिसत नसेल तर या दिवाळीची एखादी खरेदी पुढे ढकला, पण तो बसवून घ्या, आणि त्याआधी अर्थिंग धड आहे का ते तपासून घ्या.

ते बटण मुद्दाम थोडी गळती घडवून आणतं आणि खटका पडतो का ते दाखवतं. महिन्यातून एकदा दाबायचं असतं. बरीच वर्षं हलला नाही तर आतला खटका अडकून बसतो आणि नेमका गरजेला पडत नाही. आमचं बटण घर घेतल्यापासून कुणीच दाबलेलं नव्हतं. कॉम्प्युटर बंद करा, डब्याजवळ जा, 'टी' दाबा. खटका पडला नाही, तर वायरमनला आजच फोन करा.